आतून कडी

निवृत्ती मास्तर त्या पाहणीबद्दल अजून कुणाला सांगत नाहीत. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ पडला होता, आणि जळकोटाकडच्या एका गावात पाणी पुरतं का, हे विचारायला त्यांना धाडलं होतं. दर पाचवं घर घ्यायचं. दार बंद असेल तर शेजारचं, असा वरचा हुकूम.

निंबाखालच्या घराची कडी वाजवून वाजवून मास्तर कंटाळले नि पुढं सरकले. अशी बंद दारं बरीच निघाली. जी उघडी होती, तिथं आधी तांब्याभर पाणी आलं, मग उत्तर आलं, "भागतंय की, गुर्जी." मास्तरांनी ऐटीत लिहून टाकलं, 'टँकरची गरज नाही.'

पुढं मुखेडच्या बाजारात एका म्हातारीनं त्यांना गाठलं. "मी निंबाखालच्या घरची नागुबाई. आमच्या गावाला टँकर कवा यायचा, गुर्जी?"

मास्तर खेकसले, "मावशी, विचारायला आलो तेव्हा कुठं गेला होतात?"

नागुबाईनं मान खाली घातली.



"घरातच व्हते. दारी आलेल्या मानसाला घोटभर पाणी द्यायला नव्हतं, म्हून आतून कडी लावून बसले."