बॉब काकांची लंगडी बकरी

किर्तीने सांगितलेली बॉब काकांची गोष्ट साफ खोटी आहे, हे विनीतने भर कार्यक्रमात सिद्ध करून दाखवलं. मात्र बदलापुरात असं काही घडलंच नाही असं सगळे धरून चालतात. आपणही तसंच धरू.

तर, किर्ती मॅडमचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास जोरात होता. उल्हासनगरच्या विनीत सरांची अर्धी पोरं तिकडे गेली होती. दोन वर्षांपूर्वी तर किर्तीच गेली होती. आधी ती विनीतच्याच क्लासमध्ये शिकवायची.

क्लासच्या गॅदरिंगला विनीत मागच्या रांगेत येऊन बसला.

"‘बॉब्ज युअर अंकल’ म्हणजे काम झालंच म्हणून समज," किर्ती माइकवर म्हणाली. "पण हा बॉब कोण? इंग्लंडातल्या एका खेड्यातला स्टेशनमास्तर. एकटा जीव. जो त्याला काका म्हणेल, त्याला तिकीट माफ. एके दिवशी गाडी भरून पुतणे उतरले. बॉबला रडू फुटलं. शेजारी त्याची बकरी होती, तीपण..."

"लंगडी!" विनीत ओरडला. "बकरी लंगडी होती!"

"थँक्यू, सर," किर्ती हसली. "तर ती लंगडी बकरीपण रडली."

बायकांनी डोळे पुसले. किर्तीचा होणारा नवरा सनी उभा राहून टाळ्या वाजवू लागला. ते पाहून विनीतच्या अंगाची लाही लाही झाली. जाडजूड डिक्शनरी घेऊन तो तडक स्टेजवर चढला आणि त्याने त्या वाक्प्रचाराचं मूळ वाचून दाखवलं. त्यात ना स्टेशन होतं, ना बकरी.

"मग?" पुढच्या रांगेतून एक आई म्हणाली. "त्यात रडू येतंय का कुठे?"

"जाऊ दे ना, सर," सनी म्हणाला. "वडा घ्या, गरम आहे. तुम्ही तर ऑलरेडी आहातच."

सोमवारी विनीत अंबरनाथला, कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या हरिचंद्रसमोर बसला.

"कोणाला लिहू?"

"शिक्षणाधिकारी साहेबांना."

"विषय? खोटं शिकवतात, क्लास बंद करा?"

"बंद कशाला?" विनीत म्हणाला. "मी सांगतो तसं घे."

हरिचंद्रने टाइप केलं:

"महोदय, सदर गोष्ट अर्जदाराने उल्हासनगर येथे दालपकवान खाताना, कु. किर्ती यांना हसवण्याकरिता स्वतः रचली होती. त्या तेव्हा हसल्या होत्या. तरी यापुढे प्रत्येक वेळी बकरी रडण्यापूर्वी अर्जदाराचे नाव मोठ्याने घेण्यात यावे, ही नम्र विनंती."