चोराने घासलेलं पातेलं

“माझे ठसे सगळीकडे असणार. स्वयंपाकघरात मी हिच्या बरोबरीने राबतो,” शाई लागलेली बोटं पुसत दिगंबरराव ठसेतज्ज्ञ फडतरे मॅडमना म्हणाले. त्यांची बायको विजूताईही ठसे देऊन बोटं पुसत होती. तिच्या माहेरचं चांदीचं तबक चोरीला गेलं होतं.

मॅडमनी कुंचल्याने डब्यांवर, कपाटांवर खास पावडर फिरवली, पडदे ओढले आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली. अंधारात हिरवेगार ठसे चमकू लागले.

“हे सगळे ताईंचे, ते तुमच्या भांडीवालीचे,” मॅडम भिंगातून बघत म्हणाल्या. “आणि हे परक्याचे. गॅसच्या बटणावर, चहाच्या डब्यावर, साखरेच्या डब्यावर. चोर चहा करून प्यायलाय. भांड्यांच्या साबणाच्या डबीवरही त्याचेच. म्हणजे पातेलं घासून ठेवलंय!”

“आणि माझे?” दिगंबररावांनी विचारलं.

“फ्रिजच्या दारावर. फक्त तिथेच.”

विजूताईने ओट्यावर उपडं घातलेलं लख्ख पातेलं बराच वेळ निरखून पाहिलं.

“मॅडम, तबकाचं नंतर बघू. तो सापडला तर त्याला एवढंच सांगा, उद्या आमची भांडीवाली येणार नाहीये.”