मेजावरचं कापड

“अगं, खाली टेकवू नकोस! दिवसभराची मेहनत पाण्यात जाईल.”

“पाण्यातूनच आलंय ना ते?” धाकटी हसली आणि हातातली दोन्ही टोकं तिनं वर उचलली.

थोरलीच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत दोघी बहिणी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड ताणून उभ्या होत्या. चांगलं बारा हात लांब. आई गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, ते धुण्याचा मान थोरलीकडे होता. एरवी घडी घालताना दुसरं टोक दुकानातला इस्त्रीवाला धरायचा. आज तो लग्नाला गेला होता. म्हणून आईनंतर गावातच राहायला आलेल्या धाकटीला बोलावणं भाग पडलं.

थोरलीचा हात लागला की डाग उरत नसे. पाळकसाहेब तर भर सभेत म्हणायचे, “हिच्यासारखं निर्मळ राहायला शिका.” ते ऐकलं की थोरली मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आई म्हणाली होती, “धाकटीला बोलावून घे गं.” थोरली म्हणाली, “कळवलंय.” कळवलं नव्हतं. जन्मभर आई धाकटीचीच. निदान हे चार दिवस तरी आपल्या एकटीचे असावेत, एवढंच तिला वाटलं होतं. धाकटी पोचली ती थेट दफनाच्या दिवशी. “सगळं एकाएकी झालं बघ,” थोरलीनं तिच्या गळ्यात पडून सांगितलं.

मंडळीत रीत अशी, की कापड धुणारीनं मेजापुढं सगळ्यांत आधी गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, तोही मनात काही न लपवता. त्या वेळी थोरली वर्षभर बाकावरून उठलीच नव्हती. उद्या पुन्हा प्रभुभोजन होतं.

टोकाला टोक जुळवायला दोघी चालत जवळ आल्या.

“ताई, दर प्रभुभोजनाला नेमका तुझा गुडघा कसा गं दुखतो? तारखा पाठ आहेत वाटतं त्याला!”

“वय झालं,” थोरली म्हणाली आणि टोकं घेऊन झटकन मागं सरली.

दुसरी घडी. आता सहाच हातांचं अंतर. पुन्हा दोघी जवळ आल्या. थोरलीला वाटलं, आता सांगून टाकावं. हे ऐकल्यावर ही बया पुन्हा आपलं तोंड पाहील का? या जगात रक्ताचं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं.

तिसऱ्या घडीला बोटांना बोटं लागली. कापड आता दोघींच्या मध्ये एवढंसं झालं होतं. मागं सरायला जागाच नव्हती.

“आईनं तुला बोलवायला सांगितलं होतं,” थोरली म्हणाली. “मी फोन केला नाही. मुद्दाम केला नाही.”

धाकटीनं बोटं सोडवून घेतली नाहीत.

“ठाऊक आहे मला.”

“काय?”

“तिनं नर्सचा फोन मागून घेतला होता. पोटभर बोललो आम्ही. मी तर बॅग भरून दारात उभी होते. येऊ नकोस म्हणाली.”

थोरलीला धड रडू येईना, धड हसू येईना. मग दोन्ही एकदमच आलं. “आणि वर्षभर गप्प बसलीस? सटवे!”

“चूक तुझी. कबुली मी कशी देऊ?” धाकटीनं पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. “किती वाट बघायला लावलीस गं!”

“पण येऊ नकोस का म्हणाली ती?”

“म्हणाली, ‘हे चार दिवस ताईला दे. तुला ताई जन्मभर मिळणार आहे.’”