मालकांचं चित्र

"नाक एवढं उंच न्हाय, मास्तर. जरा बसकं हाय."

चन्नबसप्पानं रेघ खोडली आणि पुन्हा काढली. नागूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. डोळे उघडले की मालकांचा चेहरा मोडतो, असं ती म्हणायची.

उस्मानाबादच्या भर पेठेत, कापडाच्या दुकानांवरच्या माडीत, हैदराबादच्या विद्यापीठानं हे कलाघर उघडलं होतं. एका खोलीत मोठ्या माणसांना अक्षरं शिकवत, दुसरीत गाणं. तिसरीत चन्नबसप्पा चित्रं आणि शिळाछाप शिकवी. दगडावर उलटं चित्र काढायचं, शाई फिरवायची, हवे तेवढे सुलटे कागद छापून घ्यायचे. नागूबाई येडशीकडची धनगरीण. ती इथं बायकांना लोकर कातायला शिकवी आणि स्वतः अक्षरं गिरवी. दगडावरून उतरलेले चेहरे बघून तिनंच एकदा विचारलं होतं, "समोर नसलेल्या माणसाचं बी निघतं का?"

तिचा नवरा बिरदेव फरार होता. निजामाचा करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीची चौकी, जाळल्याचा त्याच्यावर आरोप होता. तो बार्शीकडं, सरहद्दीपलीकडं पळाला असं लोक म्हणत. ठाण्यात त्याला तोंडानं ओळखणारं कोणी नव्हतं.

"गावात विचारलं, दिसतो कसा? तर म्हणाले, धनगरासारखा," असं ठाण्याच्या अमिनानं, म्हणजे फौजदार महालिंगप्पानं, चन्नबसप्पाला हसत सांगितलं होतं. पुढचं मात्र तो हसत बोलला नाही. बाई चित्र काढून घेतेच आहे, तर त्याचे छाप ठाण्यालाही हवेत. नाही तर कलाघराला कुलूप लागेल आणि मास्तर आत जातील.

आज अमीन स्वतः आला होता. साधं धोतर नेसून, गाणं शिकायला आलेल्या पाहुण्यासारखा, दारात पेटी घेऊन बसला होता.

"हनुवटीला खळी," नागूबाई सांगत होती. "हसलं की खोल व्हायची. बोटाचं टोक मावंल एवढी."

चन्नबसप्पा दगडावर आणखी वाकला. "नागूबाई," तो हळू म्हणाला, "छापलं की चित्र आपलं राहत नाही. कुणाच्याही हाती पडतं. नको म्हणालात तर मी आत्ता दगड घासून टाकतो."

तिनं डोळे उघडले. "घासू नगा, मास्तर. आदी डोळं मिटलं की समदं दिसायचं. आता कवा कान हरवतो, कवा कपाळ. ह्ये बी गेलं तर म्या काय करू?"

"पण लोक बघतील."

"बघू द्या की. म्या एकलीनंच किती बघावं?"

चन्नबसप्पानं हनुवटीवर खळी उतरवली. दारातून पाहुण्यानं विचारलं, "नाव काय लिहायचं खाली?"

नागूबाईनं पदर पुढं ओढला. "नवऱ्याचं नाव कुणी घेतं व्हय?"

"उखाण्यात घे की."

"तुमी आदी पेटी शिका, पाव्हणं. मगापासनं नुसता भाता हलवायलाव, सूर कुठं हाय?"

लोकर कातणाऱ्या बायका खळखळून हसल्या. अमीनही हसला. "ऱ्हाऊ दे. नाव आम्हाला ठाऊक आहे." त्यानं सांगितलं आणि चन्नबसप्पानं ते दगडावर उलट्या अक्षरांत उतरवलं.

पहिला कागद निघाला तेव्हा शाई ओली होती. नागूबाईनं हात लावला नाही. ती नुसती बघत राहिली. मग तिचे ओठ हलले.

"व्हय. हेच आमचं मालक."

चन्नबसप्पानं मान फिरवली. बाकीचे कागद अमिनानं पेटीच्या खोळीत भरून नेले.

लवकरच ते चित्र नाक्यानाक्यावर लागलं. येडशीच्या बाजारात माणसं त्याच्यासमोर थांबत, बघत आणि गुमान पुढं जात.

बातमी सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत, बिरदेवापर्यंत पोचली.

"तुज्या बायकूनं समोर बसून, डोळं मिटून सांगत काढून घेतलं म्हणं," त्याचा सोबती गुंडाप्पा म्हणाला. "हनुवटीची खळी सुदीक सोडली न्हाय. लई याद येती वाटतं तुजी. गळ्यात फास पडला की रं गड्या!"

बिरदेवाला राग आला नाही. नागूबाई त्याला वेळेवर भाकरी देई, आजारात उशाशी बसे, पण मान वर करून त्याच्याकडं बघत नसे. आपला चेहरा तिला ठाऊक तरी असेल का, असं त्याला कैकदा वाटलेलं. आणि तिनं तो मिटल्या डोळ्यांनी सांगितला होता. त्याची हनुवटी सदा दाढीत बुडालेली. तिथं खळी आहे की नाही हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं ती कधी बघितली असेल?

"म्या बघून येतो," तो म्हणाला.

"काय? नाक्यावर जाऊन? खुळा हायेस का?"

"एकडाव बघतो. धरलं तर धरलं."

भर दुपारी तो दुसऱ्याची मेंढरं हाकत नाक्यावर आला. शिपायानं काठी आडवी घातली. त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग खांबावरच्या कागदाकडं.

"हा बिरदेव धनगर," शिपाई कंटाळून म्हणाला. "दिसला का कुठं?"

बिरदेवानं मान वर केली.

कागदावरून त्याचा थोरला भाऊ हसत होता. नागूबाईचा पहिला नवरा. तो पटकीनं गेला, तेव्हा जमातीच्या रिवाजानं तिचा धाकट्या दिराशी, बिरदेवाशी, पाट लावून दिला होता.