पडद्यावरचं नाव

फोनचा स्टँड पुन्हा पडला. जगदेवनं मागच्या सीटवरून हात लांब करून तो उचलला, रबराला थुंकी लावली आणि नव्या गाडीच्या काचेवर दाबून धरला.

"थुंकी कायले लावता बाबा," पवन म्हणाला. "काच पुसून लावा ना."

"तू गाडी चालव."

पुढं, पवनच्या शेजारी, धनजचे बबनराव बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. पवननं बापासोबत जाऊन त्यांच्या निकिताला मागच्या महिन्यात पाहिलं होतं, आणि जगदेवनं सारखे फोन करून बोलावलं, म्हणून आज ते आसेगावला मुलाचं घर पाहायला आले होते. घर पाहून झालं, शेत पाहून झालं, जेवण झालं. हो की नाही, ते मात्र काही बोलले नाहीत. घरी विचारून कळवतो, एवढंच म्हणाले. येताना ते एसटीनं आले होते. जाताना जगदेवनं त्यांना एसटीत बसू दिलं नाही. गाडी घेतली ती दाखवायलाच.

जगदेवला जगात कोणाचंच कौतुक नव्हतं. पोरीचा बाप, उद्याचा व्याही, एसटीनं येतो याचा त्याला राग नव्हता, किळस होती. सकाळी पाहुणा ओसरीवर पाय धूत होता, तेव्हा हा स्वयंपाकघरात बायकोला सांगत होता, "चपलीले टाके मारेल हायेत त्याच्या. असा इवाई चार लोकात दाखवाचा कसा?"

"हळू बोला," रुख्मिणी म्हणाली. "आयकतीन ते."

"आयकू दे. गरज त्याले हाय."

गरज कोणाला होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. पवनला तेहतिसावं लागलं होतं. खेड्यात शेती करणाऱ्या पोराला आजकाल पोरी उभं करत नाहीत, मग दारात कितीही मोठी गाडी असो. त्यात निकिता त्याला मनापासून आवडली होती. तिनं मान खाली न घालता त्याच्याशी सोयाबीनच्या भावावर वाद घातला होता, तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

आणि आता त्याचं लक्ष रस्त्यावरही नव्हतं. ते होतं स्टँडवरच्या बापाच्या फोनवर. आसेगाव ते धनज हा रस्ता जगदेवला जन्मापासून पाठ होता, तरी फोनवर नकाशा लावलेला. गाडीत नकाशा पाहिजेच, नाहीतर पाहुण्याला गाडी कशी कळणार. पण फोन गाडीला जोडलेला होता, आणि कोणाचा फोन आला की त्याचं नाव गाडीच्या पडद्यावर हातभर अक्षरात यायचं. बबनरावांचं नाव जगदेवनं 'धनजचा भिकार' असं टाकून ठेवलं होतं. ते नाव बदलून टाका, असं पवननं दोनदा विनवलं. "माह्या फोनात मी काईबी लिहीन," हे त्यावरचं उत्तर.

मंगरूळ मागं पडलं तशी जगदेवला हुक्की आली.

"इवाई, मले एक फोन लावून पाहा बरं. तुमचं नाव पडद्यावर कसं येते ते पाहा."

पवननं घाईनं ब्रेक दाबला. त्यानं गाडी कडेला घेतली.

"बाबा, तुमचा फोन उन्हानं तापला." त्यानं फोन काढला, गाडीपासून तोडला आणि मागं दिला. "आपण काकाचा जोडू. तुमी मागून काकाले लावा. मंग तुमचं नाव येईन."

आपलं नाव येणार म्हटल्यावर जगदेव खूश. बबनराव मात्र काढलेला फोन मुठीत धरून सावरून बसले.

"नोको नोको. माहा फोन जुना हाय."

"जुना असला तरी जोडते, काका."

"मले त्यातलं काई समजत नाई. नावं-गिवं सगळे निकिताच टाकून देते."

हे ऐकल्यावर तर पवनला राहवेना. तिनं आपल्या घराचं नाव काय टाकलं असेल, हे त्याला आता पाहायचंच होतं.

"राहू द्या ना," बबनराव म्हणाले. "धनज आलंच आता."

अजून कारंजाही आलं नव्हतं.

"भेता कायले इवाई, करंट नाई लागत," जगदेव हसला आणि मागून हात घालून त्यानं त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. पाहुण्याच्या हातातली वस्तू अशी ओढून घ्यायची रीत आपल्याकडं नाही. जगदेवकडं होती. "पाह्य रे पवन, याले लॉकबी नाई. हाय काय लपवाले."

पवननं फोन जोडला. फोनातली नावं गाडीत घेऊ का, असं पडद्यानं विचारलं. त्यानं हो दाबलं, काच रुमालानं पुसली आणि फोन स्टँडवर बसवला.

बबनराव खिडकीबाहेर पाहत होते. मग हळूच म्हणाले, "पवनराव, तुमी मनाले लावून घेऊ नका."

"जुन्या फोनाचं काय मनाले लावाचं, काका," पवन हसून म्हणाला.

मागून जगदेवनं नंबर लावला. गाडीभर रिंग घुमली. पडदा उजळला. नाव लांबलचक होतं, म्हणून ते उजवीकडून डावीकडं सरकू लागलं.

"वाच रे मोठ्यानं. मले मांगून दिसत नाई."

"आसेगावचं स्थळ," पवन वाचू लागला. मग त्याचा आवाज आनंदानं अडखळला. "मुलगा मला आवडला."

"मंग, म्या काय म्हणत होतो," जगदेवनं मांडीवर थाप मारली. "अजून काय लिवलं? वाच की."

पडद्यावर पुढची अक्षरं सरकत आली: पण बापापायी नकार.