नानांची दुरुस्ती

“बाईच्या तोंडी हे शोभत नाही, ताई,” रतिलालनाना म्हणाले आणि त्यांनी पान हेमांगीपुढे सरकवलं.

धुळ्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाचे ते संपादक. हेमांगी देवपूरच्या शाळेत शिक्षिका. छापून येणारी ही तिची पहिलीच कथा.

कथेतल्या यमुनेचा नवरा तिला मारतो. ती सोसत राहते. शेवटी एकदा तो हात उगारतो तेव्हा मात्र म्हणते, “हात खाली घे. पुन्हा उगारलास तर याद राख.” नानांनी ते खोडून वर लिहिलं होतं, “अहो, नका ना. शेजारी ऐकतील.”

हेमांगीने पानं चाळली. नवऱ्याच्या तोंडच्या शिव्या जागच्या जागी होत्या. ‘ए भवाने’ होतं, ‘तुझ्या बापानं’ होतं.

“त्याचं काहीच खोडलं नाही तुम्ही?”

“त्याचं कशाला? पुरुष बोलतात तसे. जिवंत वाटतं ते.” नाना हसले. “पण आपल्याकडची बाई नवऱ्याला अरे-तुरे करते का? वाचकाला खोटं वाटेल. एका ओळीपायी कथा अडकवू नका.”

तिने नानांची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, “राहू द्या तुमचंच.”

अंक आला. तिचा नवरा प्रवीण खूश झाला. रविवारी त्याने चुलतभावांना घरी बोलावलं, तिला चहा ठेवायला सांगितलं आणि स्वतःच कथा मोठ्याने वाचायला बसला. शिव्या त्याने ठसक्यात वाचल्या. सगळे हसले. यमुनेची ओळ त्याने आवाज बारीक करून वाचली, “अहो, नका ना. शेजारी ऐकतील.” कुठे अडखळला नाही.

“बाई अशीच जोयजे,” सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. “सोशीक.”

स्वयंपाकघराच्या दारात हेमांगी कप घेऊन उभी होती. गेल्या श्रावणात इथेच, ओट्याला टेकून, गाल धरून ती प्रवीणला हेच म्हणाली होती. याच शब्दांत. नानांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

“हात खाली घे” हे तिच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. सबंध कथेत तेवढंच एक तिने मनाने रचलं होतं.