अर्धा तास

कोलशेतला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मेकॅनिकने गाडीला लॅपटॉप जोडला. "इंजिनाचा कॉम्प्युटर बिघडलाय मॅडम, नवीन टाकावा लागेल. पण गाडी चालू ठेवून एवढा वेळ उभी कुठे करता? दर वेळी फॉल्ट गाडी अर्धा तास उभी राहिल्यावर आलाय. एसी चालू, स्पीड शून्य."

"ट्रॅफिक असतं हो घोडबंदरला," योगिनी घाईने म्हणाली. शेजारी सासूबाई नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही ती रोज हेच सांगायची.

"ट्रॅफिकमध्ये गाडी थोडी तरी सरकते, मॅडम. ही जागची हललेली नाही."

योगिनीची मान खाली गेली. ऑफिसातून आली की ती गेटसमोर गाडीतच डोळे मिटून बसून राहायची. वर गेलं की बाळ अंगावर झेपावायचं, ते झोपेपर्यंत सोडायचं नाही.

मेकॅनिक बॉनेट उघडायला वळला.

"आई, मी..."

"ठाऊक आहे गं मला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून तर संध्याकाळी ह्याला गॅलरीत नेत नाही. तुझी गाडी ओळखतो तो."